दोन सेकंदांपासून वीस तासांपर्यंत

जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्वचेवर लावायच्या एका औषधाला मंजुरी दिली. झेल्सुव्मी हे त्याचं बाजारातलं नाव. ते एका नव्हे, दोन ट्यूबमध्ये येतं. मोलस्कम नावाच्या विषाणूमुळे लहान मुलांच्या अंगावर गुळगुळीत, मधोमध खळी असलेल्या बारीक पुळ्या येतात. सहसा त्या दुखत नाहीत, पण एकीच्या दहा होतात, टॉवेलावरून धाकट्या भावंडाकडे जातात आणि महिनोन्‌महिने हलायचं नाव घेत नाहीत. हे औषध त्यांच्यासाठी. घरातल्या मोठ्या माणसाने दोन्ही ट्यूबमधली सारखी जेल पट्टीवर काढायची, कालवायची आणि लगोलग पुळ्यांवर पातळ थर द्यायचा. रोज एकदा, जास्तीत जास्त बारा आठवडे. सकाळीच कालवून ठेवू आणि रात्री निवांत लावू, असं इथे चालत नाही.

कारण या औषधातला कामाचा घटक हा एक वायू आहे. पहिल्या ट्यूबमध्ये तो एका मोठ्या रेणूला बांधून ठेवलेला असतो आणि दुसरीतली पाणीदार जेल ते बंधन सोडवते. दोन्ही एकत्र आल्या की वायू सुटायला लागतो आणि थांबवता येत नाही. हा वायू म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक, एवढाच त्याचा संसार. भूल देताना वापरतात तो हसवणारा वायू हा नव्हे आणि शहराच्या हवेला तपकिरी छटा देणारा वायूही हा नव्हे. ती याची भावंडं.

मंजुरीआधीच्या मोठ्या चाचणीत ८९१ रुग्ण होते. बारा आठवड्यांनी औषध लावलेल्यांपैकी ३२.४ टक्के रुग्णांच्या पुळ्या पूर्ण गेल्या, नुसती जेल लावलेल्यांपैकी १९.७ टक्क्यांच्या. चमत्कार म्हणावा असे हे आकडे नाहीत. मात्र एक चंचल वायू ट्यूबमध्ये भरून, घरच्या माणसाच्या हाती देऊन, ठरलेल्या जागी हळूहळू सोडवता आला, ही गोष्ट साधायला बरीच वर्षं आणि बऱ्याच प्रयोगशाळा खर्ची पडल्या आहेत.

नायट्रिक ऑक्साइड आपल्या शरीरात सतत तयार होतो. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर तो बनवतं, मेंदूतल्या काही पेशी बनवतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तर भरपूर बनवतात. तो बनतो आणि काही सेकंदांत संपतो. रक्तातलं हिमोग्लोबिन तर त्याला दिसताक्षणी गिळून टाकतं. त्यामुळे औषध म्हणून तो द्यायचा कसा, हा प्रश्न साध्या गोळीसारखा सुटत नाही. किती द्यायचा याच्या आधी विचारावं लागतं ते हे, की किती वेळात द्यायचा. याच प्रश्नापायी रसायनशास्त्रज्ञांनी ‘नायट्रिक ऑक्साइड दाते’ नावाची संयुगांची एक फौज उभी केली आहे. कोणी निम्मा वायू दोन सेकंदांतच उधळून टाकतं, कोणी तेवढाच वीस तास पुरवून पुरवून देतं.

यातला सर्वांत जुना दाता लोकांनी वापरला तो मात्र आपण वायू देतो आहोत याचा पत्ताही नसताना. १८४७मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात आस्कानियो सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन बनवलं. त्याच्या स्फोटक गुणाबरोबरच त्यांच्या लक्षात आलं होतं, की जिभेला जरासं लागलं तरी डोकं ठणकायला लागतं. पुढे आल्फ्रेड नोबेल यांनी त्याचा डायनामाइट केला. डायनामाइटच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना सोमवारी भयंकर डोकेदुखी व्हायची. आठवडा सरेल तसं अंगाला सवय व्हायची आणि डोकं उतरायचं. रविवारची सुट्टी झाली की सवय मोडायची आणि सोमवारी पुन्हा तेच. काही कामगार यावर उपाय म्हणून सुट्टीच्या दिवशी टोपीच्या पट्टीत थोडं नायट्रोग्लिसरीन लावून हिंडत. काहींना सुट्टीच्याच दिवशी छातीत कळा यायच्या. रक्तवाहिन्या आठवडाभर बाहेरच्या मदतीवर सैल राहिलेल्या असत; मदत थांबली की आवळत.

लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरांनी याच द्रव्याचं पातळ द्रावण घेऊन बाटलीचं ओलं बूच स्वतःच्या जिभेला लावून पाहिलं. काही क्षणांत नाडी धडधडायला लागली. १८७९मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिलं, की हृदयशूळाच्या रुग्णांना याचा उपयोग होतो. नोबेल यांना आयुष्याच्या अखेरीस हृदयविकार जडला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना हेच औषध सांगितलं. लोक घाबरू नयेत म्हणून त्याचं नाव ट्रायनायट्रिन ठेवलं होतं. नियतीची ही थट्टा नोबेल यांनी एका पत्रात नोंदवून ठेवली आहे. डिसेंबर १८९६मध्ये ते गेले.

हे औषध आजही हृदयरोगतज्ज्ञांच्या हाताशी आहे. आपल्याकडे अनेक घरांत आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात असते ती जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी म्हणजे त्याचंच चुलत भावंड. गोळी विरघळते आणि काही मिनिटांत छातीवरचं ओझं उतरतं. पण तो परिणाम थोड्या वेळाचा. म्हणून मग दंडावर किंवा छातीवर चिकटवायची नायट्रोग्लिसरीनची पट्टी आली. कातडीतून हळूहळू औषध सोडणारी, एकदा लावली की दिवसाची निश्चिंती. कल्पना बिनतोड वाटत होती, पण इथे कारखान्यातला सोमवार आडवा आला. चोवीस तास पट्टी ठेवली तर दिवसभरातच शरीर तिला दाद देईनासं होतं. म्हणून ती आता बारा-चौदा तास लावून रात्री काढून ठेवायला सांगतात. हळूहळू सोडणं हा यावरचा रामबाण नाही, ही जाणीव इथेच झाली.

असं का होतं, याचा एक मोठा धागा २००२मध्ये जोनाथन स्टॅम्लर यांच्या गटाला सापडला. नायट्रोग्लिसरीन आपणहून वायू सोडत नाही. पेशींच्या मायटोकाँड्रियामधलं एएलडीएच-२ नावाचं एन्झाइम त्याला फोडतं, आणि फोडता फोडता स्वतःच थकतं. दारू पचवण्याच्या कामातही हेच एन्झाइम लागतं. चिनी, जपानी, कोरियन लोकांपैकी पुष्कळांमध्ये ते जन्मतःच दुबळं असतं. एका पेल्यात ज्यांचा चेहरा लाल होतो ते हेच. अशांना नायट्रोग्लिसरीनचा गुण कमी येतो, असं चीनमधल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे औषध चांगलं असूनही देण्याघेण्याचा व्यवहार तिसऱ्याच्या हाती. प्रयोगशाळेला नको होता तो नेमका हाच भरवसा.

नायट्रोग्लिसरीनचं खरं काम काय, हे कळायला मात्र मरेल यांच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं गेली. १९७७मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात फरीद मुराद यांनी दाखवलं, की ही औषधं नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि तो पेशीतल्या एका एन्झाइमला जागं करतो. त्यातून तयार होणारा सीजीएमपी हा रेणू स्नायूला सैल व्हायला सांगतो. गाडीच्या धुरातला विषारी वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, हे तेव्हा पुष्कळांना पटण्यासारखं नव्हतं.

तिकडे ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते. असिटिलकोलीन टाकलं की त्यांच्या पट्ट्या आवळत, आणि जिवंत प्राण्यात मात्र तेच रसायन रक्तवाहिन्या सैल करत असे. हे कोडं वर्षानुवर्षं तसंच पडून होतं. १९७८मध्ये त्यांच्या तंत्रज्ञाने प्रयोगाच्या पायऱ्या सांगितलेल्या क्रमाने केल्या नाहीत आणि पट्टी चक्क सैल पडली. चूक शोधताना फर्चगॉट यांना उमगलं, की आजवर पट्ट्या कापताना, ठेवताना आतलं नाजूक अस्तर बोटांनी आणि उपकरणांनी घासलं जात होतं. अस्तर शाबूत असलं की धमनी सैल पडते, घासून गेलं की आवळते. मग त्यांनी अस्तर असलेली आणि नसलेली अशा दोन पट्ट्या समोरासमोर चिकटवल्या. उघडी पट्टीही सैल पडली! म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपून शेजारी जात होतं. १९८०मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, असं १९८६च्या परिषदेत फर्चगॉट आणि लुई इग्नारो या दोघांनी स्वतंत्रपणे सुचवलं आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये साल्व्हादोर मोनकादा यांच्या गटाने मोजून दाखवलं. १९९८चं नोबेल मुराद, फर्चगॉट आणि इग्नारो यांना मिळालं. मोनकादा वगळले गेले, आणि ते योग्य झालं का यावर या क्षेत्रातली माणसं पुढे बराच काळ वाद घालत राहिली.

शोध लागला आणि सगळ्यांनाच या वायूवर प्रयोग करायचे होते. पण करायचे कसे? सिलिंडरमधला वायू पेशींच्या भांड्यात बुडबुड्यांनी सोडला तर एकाच वेळी भरमसाट मात्रा जाते, हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडून त्याचं भलतंच काहीतरी होतं आणि पाच मिनिटांनी मागे काही उरत नाही. शरीर मात्र तो रात्रंदिवस, कणाकणाने बनवत असतं. शेताला पाट फोडून पाणी देणं आणि ठिबकने देणं यातला हा फरक.

हाताशी असलेल्या दात्यांची प्रत्येकाची काही ना काही खोड होती. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे रक्तदाब झटकन उतरवणारं अतिदक्षता विभागातलं औषध. त्याच्या प्रत्येक रेणूत वायूच्या जोडीला पाच सायनाइडही असतात. उजेडाने ते बिघडतं, म्हणून सलाइनची बाटली फॉइलमध्ये गुंडाळून टांगतात. सिन-१ नावाचं संयुग नायट्रिक ऑक्साइडसोबत सुपरऑक्साइडही सोडतं. ही जोडी भेटली की पेरॉक्सिनायट्राइट तयार होतं, म्हणजे मित्र मागवावा आणि सोबत मारेकरी यावा अशातली गत. ‘स्नॅप’ या नावाने ओळखलं जाणारं हिरव्या स्फटिकांचं संयुग बरंच गुणी, पण उजेड पडला की फुटतं आणि तांब्याचा अंश मिळाला की आणखी वेगाने फुटतं. पाण्यातल्या तांब्याचा अंश प्रयोगागणिक बदलला, तर निकालही बदलणार.

या कोंडीतून वाट काढली ती कर्करोगाच्या एका अभ्यासकाने. लॅरी कीफर हे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या मेरीलँडमधल्या फ्रेडरिक इथल्या प्रयोगशाळेत नायट्रोसअमाइन या कर्करोगकारक रसायनांवर काम करत होते. त्या ओघात त्यांची नजर १९६०च्या सुमारास रसेल ड्रॅगो यांनी बनवलेल्या काही विचित्र क्षारांवर गेली. ड्रॅगो यांनी अमाइनवर दाबाखाली नायट्रिक ऑक्साइड सोडला होता आणि अमाइनच्या एका रेणूने वायूचे दोन रेणू पकडून ठेवले होते. त्या काळी ही निव्वळ रसायनशास्त्रातली गंमत होती. कीफर यांच्या गटाने तीच संयुगं पाण्यात टाकून पाहिली, तेव्हा पकडलेला वायू ती जशीच्या तशी परत देत होती. १९९१मध्ये त्यांनी याच संयुगांनी रक्तवाहिन्या सैल करून दाखवल्या. शास्त्रीय नाव डायझेनियमडायोलेट. प्रयोगशाळेत सगळे म्हणतात नोनोएट.

नोनोएटची खुबी अशी की त्यांना फुटायला एन्झाइम लागत नाही, उजेड लागत नाही, धातूही लागत नाही. लागतो तो पाण्यातला एक प्रोटॉन. अल्कलीत ती निपचित पडून राहतात, शरीरातल्यासारखा ७.४ पीएच आणि ३७ अंश तापमान मिळालं की ठरलेल्या वेगाने सुटू लागतात. तो वेग ठरतो कोणत्या अमाइनवर ती बांधली आहेत त्यावर. प्रोलिनवर बांधलेलं नोनोएट दोन सेकंदांत निम्मं संपतं. डायएथिलअमाइनचं दोन मिनिटांत, स्पर्मिनचं एकोणचाळीस मिनिटांत. डीटा या अमाइनच्या नोनोएटचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, तब्बल वीस तास. कीफर यांच्यामुळे संशोधकाला घड्याळ निवडायची सोय झाली.

हा व्यवहार प्रयोगशाळेतल्या टेबलावर पाहण्यासारखा असतो. डीटा नोनोएटची पांढरी पूड उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमधून बाहेर येते. कुपी लगेच उघडायची नाही. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर हवेतली वाफ थंड पुडीवर धरते आणि वजन करण्याआधीच वायू सुटायला लागतो. मग बर्फात ठेवलेल्या, अगदी सौम्य कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ती विरघळवायची. इथे वेळ हाताशी असतो. या द्रावणाचा थेंब पेशींच्या गुलाबी पोषकद्रव्यात पडला की घड्याळ सुरू. जोडीला दुसऱ्या भांड्यात तेच नोनोएट, पण आधीच पूर्ण सुटून वायू संपलेलं, घालायचं. पेशींमध्ये दिसलेला फरक वायूमुळे आहे की मागे उरलेल्या अमाइनमुळे, हे त्याशिवाय कळत नाही. घाईत असलेले लोक हे दुसरं भांडं गाळतात, आणि तसे निबंध वाचताना जाणकारांच्या कपाळावर आठी पडते.

वायू किती सुटला हे पाहायला आजही बहुतेक जण ग्रीस यांची जुनी परीक्षा लावतात. नायट्रिक ऑक्साइडचं शेवटी नायट्राइट होतं आणि ते या परीक्षेतल्या रसायनांना भेटलं की गर्द गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद तितका वायू जास्त. पेटर ग्रीस हे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या बिअरच्या कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ होते.

आता वेगाचा हिशेब. पेशींच्या भांड्यात १०० मायक्रोमोलर डीटा नोनोएट घातलं, तर सुरुवातीला तासाला साधारण ७ मायक्रोमोलर वायू सुटतो आणि दिवसभर तो हळूहळूच उतरतो. तेवढंच स्पर्मिन नोनोएट घातलं, तर पहिल्या तासातच १३० मायक्रोमोलर बाहेर पडतो आणि दुपारपर्यंत सगळा खेळ आटोपतो. प्रोलिनचं घातलं, तर दहा सेकंदांत जवळजवळ सगळं संपलं. बाटलीवरचा आकडा तिन्हींचा एकच. शिवाय भांड्यात वायू साठत नाही. ऑक्सिजन आणि खुद्द पेशी त्याला खात असतात, त्यामुळे कोणत्याही क्षणी प्रत्यक्ष हजर असलेला वायू याहून पुष्कळच कमी असतो.

तो हजर वायू किती आहे यावर पेशीचं भवितव्य ठरतं. राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्याच डेव्हिड विंक यांच्या गटाने डीटा नोनोएट वापरून याच्या पायऱ्या मोजल्या. काही मोजक्या नॅनोमोलर पातळीला स्नायू सैल करणारा नेहमीचा निरोप जातो. शंभर नॅनोमोलरच्या वर गेलं की पेशी प्राणवायूची टंचाई असल्यासारखी वागायला लागते. आणखी वर, तीन-चारशेच्या पुढे, पी-५३ हे संकटकाळचं प्रथिन जागं होतं. पेशी वाढ थांबवते किंवा मरायची तयारी करते. कर्करोगाच्या बाबतीत तर ही मोठीच पंचाईत आहे. थोडा वायू गाठीला नव्या रक्तवाहिन्या तयार करायला मदत करतो, भरपूर वायू त्याच गाठीला मारतो. हळूहळू सोडणारं औषध इथे सरसकट चांगलं म्हणता येत नाही.

पुण्याच्या आयसरमध्ये हरिनाथ चक्रपाणी यांच्या गटाचं काम या ठिकाणी येतं. कीफर यांच्या प्रयोगशाळेत काम करून आलेल्या चक्रपाणी यांनी नोनोएटला कुलूप लावायची वाट धरली. २०१३मध्ये त्यांच्या गटाने इंडक्यू-एनओ नावाचं संयुग प्रसिद्ध केलं. त्यात वायू धरून ठेवणाऱ्या भागावर इंडोलक्विनोनचं झाकण बसवलेलं आहे. नुसत्या पाण्याने ते निघत नाही. डीटी-डायाफोरेज नावाचं एन्झाइम ते उघडतं, आणि काही प्रकारच्या कर्करोगपेशींत हे एन्झाइम शेजारच्या निरोगी पेशींपेक्षा जास्त असतं. म्हणजे वेळेच्या जोडीला जागाही निवडायची. त्या निबंधातलं काम प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं आहे. तिथून रुग्णापर्यंतचं अंतर मोठं असतं हे सांगायला नको.

ते अंतर किती फसवं असतं याचं उदाहरण मेंदूच्या झटक्याचं. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात २००१मध्ये झटका आणलेल्या उंदरांना चोवीस तासांनी डीटा नोनोएट दिलं. त्यांच्या मेंदूत नव्या पेशी जास्त तयार झाल्या आणि चालणं-वागणंही सुधारलं. माणसांत नोनोएट नव्हे, नायट्रोग्लिसरीनची पट्टी लावून पाहिली गेली. ब्रिटनमधून चालवलेल्या एनॉस चाचणीत ४,०११ रुग्ण होते, सात दिवस पट्टी होती. रक्तदाब उतरला, पण तीन महिन्यांनंतर अपंगत्वात फरक दिसला नाही. पट्टी उशिरा लागते म्हणून असं होत असेल, अशी आशा होती. मग २०१९च्या राइट-२ चाचणीत रुग्णवाहिकेतच पट्टी लावली. तरीही फायदा झाला नाही.

गोळीच्या रूपात वायूदाता पोटात द्यायचा प्रयत्नही असाच अडला. नेप्रॉक्सेन ही सांधेदुखीची गोळी जठराला इजा करते, रक्तदाबही थोडा वाढवते. तिला नायट्रिक ऑक्साइड सोडणारी शेपटी जोडली तर दोन्ही तक्रारी मिटतील, या हिशेबाने निकॉक्स या फ्रेंच कंपनीने नेप्रॉक्सिनॉड बनवलं. एफडीएने २०१०मध्ये ते नाकारलं. कंपनीने तीच युक्ती डोळ्यात नेली. काचबिंदूसाठी वापरतात त्या लॅटानोप्रॉस्टला अशीच शेपटी जोडलेला थेंब नोव्हेंबर २०१७मध्ये मंजूर झाला. डोळ्यात त्याचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही आपापल्या वाटेने आतलं पाणी बाहेर काढतात, त्यामुळे दाब उतरतो.

हृदयरोगाची जुनी औषधं सोडून आतापर्यंत काय जमलं याकडे पाहिलं तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. डोळा, त्वचा, आणि १९९९पासून नवजात बाळांची फुप्फुसं. जन्मतःच फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या बाळांना दहा लाखात वीस भाग इतका विरळ नायट्रिक ऑक्साइड श्वासातून देतात. तो फुप्फुसात काम करतो आणि रक्तात शिरला की हिमोग्लोबिन त्याला संपवतं, त्यामुळे बाकीच्या शरीराचा रक्तदाब पडत नाही. तिन्ही ठिकाणी औषध बाहेरून, नेमक्या जागी पोचवता येतं. रक्तातून फिरणारा दाता सगळीकडच्या रक्तवाहिन्या सैल करतो आणि माणूस भोवळ येऊन पडू शकतो. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, घेतलेल्या माणसाला नायट्रेटची गोळी देऊ नये असं डॉक्टर बजावतात तेही याच साखळीमुळे. वायू सीजीएमपी तयार करवतो, व्हायग्रा ते मोडू देत नाही आणि रक्तदाब कोसळतो.

जागा नेमकी असायला हवी, तर मग जागाच औषधाची बनवली तर? मिशिगन विद्यापीठात मार्क मायरहॉफ यांच्या गटाने हा धागा पकडला. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या शिरेत कॅथेटरची नळी दिवसेंदिवस असते. निरोगी रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडत राहतं, म्हणून त्यावर प्लेटलेट चिकटत नाहीत. प्लास्टिक काहीच सोडत नाही. त्यावर गुठळी धरते आणि जंतूंचा चिकट थर बसतो. नळीच्या प्लास्टिकमध्येच वर आलेलं हिरवं स्नॅप मुरवलं, तर तीही काही आठवडे वायू सोडत राहते. सशांवरच्या प्रयोगांत अशा नळ्यांवर गुठळ्या कमी झाल्या. जंतूंच्या थराबाबतही आशा आहे. सिडनीत २००६मध्ये निकोलस बॅरो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अगदी थोडा, नॅनोमोलर पातळीचा वायू मिळाला की स्यूडोमोनासचे जंतू मरत नाहीत, पण आपली चिकट वसाहत सोडून मोकळे पोहायला लागतात, आणि मोकळ्या जंतूंवर अँटिबायोटिक चांगलं चालतं.

यात आता रसायनाइतकीच अडचण गोदामाचीही आहे. कॅथेटर कारखान्यातून निघतो, इथिलीन ऑक्साइडमध्ये निर्जंतुक होतो, पाकिटात बंद होतो आणि वितरकाच्या कोठारात, मग रुग्णालयाच्या कपाटात महिनोन्‌महिने पडून राहतो, ऐन उन्हाळ्यातही. स्नॅपला उष्णता आणि उजेड दोन्ही वर्ज्य. म्हणून या विषयावरच्या निबंधांत सशांच्या आणि गुठळ्यांच्या तक्त्यांशेजारी आणखी एक तक्ता हमखास भेटतो: इतक्या तापमानाला, इतके आठवडे ठेवल्यावर नळीत किती टक्के स्नॅप शिल्लक राहिलं.